जावयाचा टोल

माझं नाव रामहरी. सोलापुरात पूर्व भागातल्या एका शाळेत मी शिपाई होतो. शिपाई म्हटलं की लोकांना झाडू आणि पाण्याचा माठ दिसतो, म्हणून स्वतःची ओळख मी तशी कधीच करून दिली नाही. मी सांगायचो, मी टोल देतो. शाळेच्या व्हरांड्यात रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. होटगी जंक्शनवरून तो कुणी आणला, कसा आणला, हे विचारायचं नाही असा शाळेत अलिखित नियम होता. त्यावर लोखंडी दांडक्यानं ठोके द्यायचे, हे माझं काम. मी पहिला टोल दिला की शाळा भरायची, शेवटचा दिला की सुटायची. हेडमास्तरांना वाटायचं, शाळा ते चालवतात. मी त्यांना तसं वाटू देत होतो.

मग शाळेत विजेची घंटा आली. तिचं बटण हेडमास्तरांच्या टेबलाखाली बसवलं. ते मला म्हणाले, "रामहरी, आता तुझा हा त्रास गेला. बाकीची कामं आहेतच." त्या बाकीच्या कामांत झाडू होता आणि माठ होता. कुणीही शहाणा माणूस मान डोलावून माठ भरायला गेला असता. मी राजीनामा दिला. राजीनामा कसा लिहितात हे ठाऊक नसल्यामुळं तो मी हेडमास्तरांकडूनच लिहून घेतला, आणि त्यांनीही तो अतिशय सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड न करता लिहून दिला. निघताना दांडकं मात्र मी बरोबर घेतलं. विजेच्या घंटेला ते लागणार नव्हतं.

घरी आलो तेव्हा आमची गोजरबाई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसली होती. मी सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही, नुसती वळत राहिली. बोलली असती तर मला उलट बोलता आलं असतं. महिनाभर मी घरात तसाच बसून होतो आणि ती तशीच वळत होती.

त्याच सुमाराला सोलापूरहून मोहोळकडं जाणाऱ्या रस्त्यावर नदीवर नवा पूल झाला. गल्लीत बातमी आली की पुलावर टोलसाठी माणूस हवाय. ऐकल्याबरोबर मी उठून बसलो. माझ्या डोळ्यांपुढं पुलाच्या तोंडाशी टांगलेला रूळ उभा राहिला. मी मनाशी सगळं जुळवलं. पूल मोठा, गाड्या दोन्हीकडून येणार. या बाजूच्या सोडायच्या तर एक टोल द्यायचा, त्या बाजूच्या सोडायच्या तर दोन. मला वाटलं, सरकार अखेर शहाणं झालं.

पुलाचा ठेका मल्लिकार्जुन मालकांनी घेतला होता. अक्कलकोटकडचा माणूस, घरात कानडी, दुकानात मराठी. मी त्यांच्या अडतीवर गेलो तर ते गादीवर लवंडून पान लावत होते.

"टोलचं काम केलंय का कुटं?" त्यांनी विचारलं.

"उभा जन्म तेच केलंय, मालक."

"चुकवाचुकवी लई चालती त्यात."

"माझ्या हातनं आजवर एक टोल चुकलेला न्हाय. पावसात न्हाय, तापात न्हाय."

मालकांनी पान खाली ठेवलं. "लोक भांडत्यात. गर्दी आवरंल का तुला?"

"टोल दिला की पाचशे जण जागच्या जागी गप हुत्यात माझ्यापुढं."

मालक मुनिमाकडं वळून कानडीत म्हणाले, "छलो मनश्या इदान." म्हणजे माणूस चांगला आहे. मलाही तसंच वाटत होतं. नोकरी तिथल्या तिथं पक्की झाली. एका शब्दाच्या जोरावर ती मला मिळाली आणि त्या शब्दाचा अर्थ दोघांनाही आपापल्या परीनं पूर्ण ठाऊक होता, त्यामुळं फसवलं असं कुणालाच म्हणता येणार नाही.

पहिल्या दिवशी मी खाकी शर्ट चढवून, दांडकं खांद्यावर टाकून पुलावर हजर झालो. नाका मोहोळच्या बाजूला होता. पत्र्याची खोली, एक टेबल, एक डबा, पावत्यांची पुस्तकं आणि रस्त्यावर आडवा बांबू. बांबूच्या बुडाशी धोंडा बांधलेला, म्हणजे दोरी सोडली की तो आपोआप वर जायचा. मी खोलीच्या चारी बाजूंनी फिरलो, पत्र्याखाली वाकून बघितलं. रूळ कुठंच नव्हता. तेवढ्यात एक ट्रक येऊन बांबूपाशी थांबला. ड्रायव्हरनं हात बाहेर काढला आणि म्हणाला, "टोल घ्या."

मी आयुष्यात टोल दिला होता. घ्या म्हणणारा माणूस मला पहिल्यांदा भेटत होता. मी दांडकं हातात धरून त्याच्याकडं बघत उभा राहिलो. तो माझ्याकडं आणि दांडक्याकडं बघत राहिला. शेवटी त्यानं अगदी नरम आवाजात विचारलं, "यवढं बास हाय का, साहेब?" त्याच्या हातात पैसे होते. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पुढचा अख्खा आठवडा मी एकटा असलो की स्वतःशीच हसायचो आणि कुणी आलं की कपाळाला आठ्या घालायचो.

पण काम अंगवळणी पडलं. शाळेपेक्षा इथं मान जास्त होता. पोरं नुसती ओरडतात, इथं मोठाली माणसं माझ्यापुढं खिशात हात घालायची. चालत जाणाऱ्याला टोल नव्हता, सायकलला नव्हता, बैलगाडीला नव्हता. बाकी सगळ्यांना होता आणि बाकी सगळ्यांचा त्याला विरोध होता. एक बागायतदार म्हणाला, मला पलीकडं जायचंच नाही, मधोमध उभं राहून नदी बघायची आहे, तर निम्मा टोल घ्या. एकानं विचारलं की जाताना पूल विकत घेतला, मग येताना तोच पूल परत कसा विकताय. मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचो, नियम म्हणजे नियम. हे वाक्य मी हेडमास्तरांकडून उचललं होतं.

आता जावयाचं सांगतो.

माझी एकुलती एक लेक सोना. तिला मोहोळला दिली होती. जावई नागनाथ, कमी बोलणारा, निर्व्यसनी, हाताला सतत काहीतरी काम हवं असणारा. त्यानं कुणाचा तरी वापरलेला तीनचाकी टेम्पो घेतला आणि मोहोळची भाजी सोलापूरच्या मार्केटात न्यायला सुरुवात केली. पूल झाल्यावर थोड्याच दिवसांत तो टेम्पो माझ्या बांबूपुढं येऊन उभा राहिला, आणि मी, नियम म्हणजे नियम म्हणणारा रामहरी, टेबलामागून चप्पल न घालताच पळत सुटलो.

"किती झाला टोल, मामा?" नागनाथनं खिशात हात घातला.

आता तुम्हीच सांगा, जावयाकडून पैसे घ्यायचे कसे? आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या सासरी जेवत नाही. मी मोहोळला गेलो आणि तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तरी आधी तिच्या हातावर काही ठेवल्याशिवाय मी तो तोंडाला लावत नसे. जावयाला द्यायचं असतं. त्याच्यापुढं हात पसरायचा म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. मी बांबूची दोरी स्वतःच्या हातानं सोडली.

"खिशातला हात काडा आदी, जावईबापू," मी म्हणालो. "आपलाच पूल हाय."

हे वाक्य मी का बोललो, देव जाणे. नुसतं "जावा" म्हणून भागलं असतं. पण मागं चार गाड्या उभ्या होत्या, ड्रायव्हर ऐकत होते, आणि माझी छाती फुगली होती. टेम्पो पुलावरून दिसेनासा झाल्यावर मी मुकाट्यानं त्याची पावती फाडली, खिशातून एक रुपया काढला आणि डब्यात टाकला. पूल आपला असला तरी डबा मालकांचा होता.

माझा हिशोब असा होता की जावई म्हणजे सणावाराला येणारा माणूस. हा दिवसातून चारदा येऊ लागला. पहाटे भाजी घेऊन जायचा, रिकामा परत यायचा, दुपारी किराणा आणायला जायचा, संध्याकाळी परत. दरवेळी मी पळत जायचो, दोरी सोडायचो, हसायचो, आणि तो गेला की खिशात हात घालायचो.

मी तंबाखू सोडली. नाक्याशेजारच्या हॉटेलवाल्याला सांगितलं की चहानं मला पित्त होतं. घरून नाक्यावर यायला एस.टी. होती, ती सोडून सायकल धरली आणि गोजरबाईला म्हणालो की गुडघ्यांना सायकल लई चांगली असते. तिनं विडी वळता वळता माझ्या गुडघ्यांकडं बघितलं. खोटं सांगत नाही, माझी तब्येत त्या काळात होती तशी पुन्हा कधी झाली नाही. जावई अजून दोन खेपा वाढवता तर मी कुस्तीला उतरलो असतो.

तिकडं मोहोळात माझं नाव झालं होतं. नागनाथच्या सासऱ्यानं पूल घेतलाय, अशी तिथं बातमी. आमच्या विहीणबाई, बजाबाई, बोलायला तिखट. लग्नात मानपानावरून त्यांनी मला मांडवात उभं आडवं घेतलं होतं. त्यांनीच आता टेम्पोबरोबर माझ्यासाठी हुरड्याची पिशवी पाठवली. सोनाला त्या लोकांपुढं "पूलवाल्याची लेक" म्हणायला लागल्या. पोरीला त्या घरात मान मिळतोय, तो माझ्या तंबाखूच्या मोबदल्यात मिळत असेल तर तंबाखू गेली चुलीत, असं मी स्वतःला सांगायचो. ऐंशी टक्के ते खरं होतं. उरलेले वीस टक्के मला नुसतंच पूलवाला व्हायला आवडत होतं.

त्यातच सोनाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्या महिन्यात पाठवू, असं तिकडून ठरल्याचा निरोप आला. गोजरबाई पाचव्या महिन्यात लेकीला चोळी घेऊन मोहोळला जाऊन आली. येताना गप्प होती, पण ती एरवीही गप्पच असते म्हणून मी काही मनावर घेतलं नाही. घरी आल्यावर तिनं जुन्या लुगड्यांची दुपटी शिवायला घेतली. डिंक आणला, खारका आणल्या. कोपऱ्यातली खाट दोऱ्या आवळून घेतली. मीही खोलीला चुना मारला. सोना येणार, आमच्या घरात पाळणा हलणार, याखेरीज आमच्या दोघांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

आणि एक दिवस टेम्पो पुलावर आला नाही.

मला वाटलं, बिघडला असेल. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी कठड्यापाशी उभा होतो आणि सहज खाली नजर गेली. नव्या पुलाच्या खालच्या अंगाला, नदीच्या पात्रातच बांधलेली जुनी फरशी होती. पूल होण्याआधी सगळी वाहतूक तिच्यावरूनच चालायची. आता ती ठिकठिकाणी खचली होती, वाळू चढली होती, फक्त बैलगाड्या जायच्या. त्या फरशीवरून एक तीनचाकी टेम्पो हेलकावे खात चालला होता. मागं कोथिंबिरीच्या पेंड्या. मी शिट्टी फुंकली. पुन्हा फुंकली. नागनाथनं वर बघितलं नाही. पण त्यानं मान आणखी खाली घातली, ते मला पुलावरून स्पष्ट दिसलं.

जावई रुसला. दुसरा अर्थच नव्हता.

मी माझे अपराध आठवायला बसलो. मागच्या खेपेला घाईत नुसतं "नागनाथ" म्हणालो होतो, राव लावायचं राहिलं होतं. टेम्पोच्या भोंग्याचा आवाज शेळीसारखा येतो असं हसत म्हणालो होतो, ते लागलं असेल. हुरड्याची पिशवी रिकामीच परत पाठवली होती, तिच्यात चार बत्तासे तरी घालायला हवे होते. जितकं आठवत गेलो तितकं मला माझंच आश्चर्य वाटत गेलं, इतका गाढव सासरा असताना जावई इतके दिवस वरून आलाच कसा. आणि रुसलेल्या जावयाच्या घरून लेक माहेरी येत नाही, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. बजाबाई म्हणतील, आमच्यात काय बाळंतिणीला खाट नाही? मग ती दुपटी, तो डिंक, तो चुना.

संध्याकाळी गोजरबाईनं विचारलं, "जावयासंगं बोलनं झालं का? कदी घिऊन येत्यात म्हने?"

"रोज बोलतो की," मी म्हणालो. "येतील म्हनले लवकरच."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पित्त झालं असं सांगितलं. चहा सोडलेल्या माणसाला पित्त कशानं होतं, हे तिनं विचारलं नाही.

आठवडाभरानं मल्लिकार्जुन मालक नाक्यावर आले. गाडीतून उतरले ते थेट नदीकडं गेले आणि परत येऊन माझ्यापुढं उभे राहिले.

"रामहरी, फरशीवर चाकाच्या खुना हायत. टोल चुकवून कोन जातंय?"

"बैलगाडी असंल, मालक."

"बैलगाडीला तीन चाकं कदीपासनं आली?"

मालकांनी सांगितलं की मोहोळच्या अंगाला फरशीकडं जो उतार आहे, तिथं आडवा चर मारून घे, फक्त एका कडेनं बैलगाडीपुरती वाट ठेव. मी माणसं लावली आणि स्वतः उभा राहून चर मारून घेतला. खरं सांगायचं तर मला आतून बरंच वाटत होतं. आता जावईबापूंना वरूनच यावं लागणार. बांबूपुढं थांबले की मी पाय धरीन, बत्तासे देईन, राव म्हणेन, काय वाटेल ते करीन. नागनाथला चराचा निरोप धाडावा हेही मनात आलं. पण निरोपात काय सांगायचं? की चोरवाट बंद केली आहे, आता समोरून या? मी निरोप धाडला नाही.

दुसऱ्या दिवशी, ऊन चढायच्या आत, नाक्यावर लग्नाच्या वऱ्हाडाचा एक ट्रक आला होता. ढोलकीवाला सोडून सगळे माझ्याशी भांडत होते. नवरदेवाला टोल मागता, लाज नाही वाटत, असं एक म्हातारी टपावरून विचारत होती. तेवढ्यात मला शेळीसारखा भोंगा ऐकू आला. मान वळवली तर टेम्पो मोठा रस्ता सोडून नदीच्या उताराला लागला होता. आज मागं भाजी नव्हती. एक पत्र्याची ट्रंक होती आणि वळकटी होती. आणि पुढं, नागनाथशेजारी, हिरवी साडी होती.

सोनाला तो माहेरी आणत होता. माझ्या पुलाखालून.

मी ओरडलो, पण ढोलकीपुढं माझं कोण ऐकतं. टेम्पो उतारावर थांबल्यासारखा झाला, मग चराच्या कडेनं, बैलगाडीच्या वाटेनं हळूहळू सरकला. ती कड आम्ही आदल्याच दिवशी खणलेली, भुसभुशीत. पुढचं चाक आत गेलं आणि टेम्पो नाकावर वाकला.

मी दोरी सोडली की सुटली ते मला माहीत नाही. बांबू वर गेला, वऱ्हाड टोल न देता निघून गेलं, त्यामागं आणखी कोण कोण गेलं, ते आजही मला माहीत नाही. मी उतारावरून धावत होतो आणि माझ्या डोळ्यांपुढं फक्त ती हिरवी साडी होती. चर मी मारून घेतला होता. मीच उभा राहून माणसांना सांगितलं होतं, अजून वीतभर खोल घ्या. खाली पोचलो तर टेम्पोचं दार उघडं आणि आत कुणी नाही. मी तिथंच वाळूत बसलो.

"आप्पा, मी हितं हाय."

सोना चराच्या अलीकडं, बाभळीच्या सावलीत उभी होती. नागनाथनं तिला आधी उतरवून मगच टेम्पो पुढं काढला होता. पोटावर हात ठेवून ती माझ्याकडं बघत होती, धडधाकट. भीती गेली आणि तिच्या जागी राग आला. जन्मात पहिल्यांदा मी जावयावर ओरडलो.

"अवो, रुसायचं तर माझ्यावर रुसा की. वरनं जायचं नसंल तर नका जाऊ. सातव्या महिन्यातल्या बाईला नदीतनं कशापायी घिऊन चाललाय तुमी?"

नागनाथ टेम्पोच्या मागं उभा होता. त्यानं कपाळाचा घाम पुसला. "रुसलोय? कोन? मी कशाला रुसू, मामा?"

"मग वर बघत का न्हाई माझ्याकडं?"

उत्तर सोनानं दिलं.

"आई चोळी घिऊन आलती तवा समदं सांगून गेली. तुमचा शर्ट धुताना तिला खिशात आमच्या टेम्पोच्या पावत्या घावल्या. तुमी आमचा टोल पदरचा भरताय. तंबाखू सोडलीय, एस्टी सोडलीय. आई म्हनली, तुझा बाप सायकलवरनं येऊन माझ्याम्होरं हसतो आन उंबऱ्यात बसून पोटऱ्या चोळतो. मी लई दिस मनातच ठिवलं, मग ह्यास्नी सांगितलं. त्या रात्री हे जेवलं न्हाईत."

"मला काय ठावं, मामा," नागनाथ म्हणाला. "मला वाटलं, तुमाला माफ असंल. तुमी म्हनला आपलाच पूल हाय."

"मग पैसं द्यायचं न्हाईत व्हय?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला उत्तर कळलं.

"दिलं असतं तर तुमी घेतलं असतं?"

मी नदीकडं बघितलं. नदीला पाणी नव्हतं, पण बघायला दुसरं काही नव्हतं.

"हेच हे म्हनत हुते," सोना म्हणाली. "दिलं तर मामा घ्यायचं न्हाईत, आन न देता जायचं म्हंजे त्यांच्याच खिशातला रुपया. म्हनून खालनं. आज मी म्हनलं, आज तरी वरनं चला. तर म्हनले, तुझ्या डोळ्याम्होरं तुझा बाप भरंल, बगवंल का तुला?" ती बाभळीला टेकली. तिचा आवाज चढला नव्हता, पण तिच्या आईसारखा सपाट झाला होता. "ह्यास्नी द्यायची लाज, तुमाला घ्यायची लाज. आन तुमच्या दोगांच्या लाजंपायी मी चरात."

आम्ही दोघंही खाली बघत उभे होतो. शाळेत उशिरा आलेली पोरं माझ्यापुढं अशीच उभी राहायची. काठावरच्या मळ्यातला एक शेतकरी बैल घेऊन आला. त्यानं दोर लावला, आम्ही मागून जोर दिला आणि टेम्पो बाहेर निघाला. बैलवाल्यानं विचारलं, आता कुठून जाणार. सोनाच म्हणाली, "वरनं."

मी त्यांच्या आधी पळत नाक्यावर आलो. खोलीत जाऊन घाम पुसला, शर्टाची बटणं लावली, टेबलाशी उभा राहिलो. टेम्पो आला आणि बांबूपुढं थांबला. माझा हात सवयीनं दोरीकडं गेला.

"आप्पा, बांबू ऱ्हाऊ द्या खाली," सोना आतून म्हणाली. "हात म्होरं करा."

मी हात पुढं केला. तेवढा जड हात मी आयुष्यात उचलला नाही. नागनाथनं खिशातून नोट काढली आणि तोंड पलीकडं फिरवून माझ्या तळहातावर ठेवली. मीही पावतीच्या पुस्तकाकडं बघत ती घेतली. पावतीवर मी काय लिहिलं ते मला सांगता येणार नाही. गाडीचा नंबर लिहायच्या जागी बहुतेक मी काहीतरी भलतंच लिहिलं. ती फाडून त्याच्या हातात दिली आणि दोरी सोडली. बांबू वर गेला. पायाखालची जमीन दुभंगेल, मोहोळपर्यंत बातमी जाईल, असं काहीबाही वाटत होतं. तसं काही झालं नाही. मागं एक एस.टी. येऊन उभी राहिली, तिच्या ड्रायव्हरनं भोंगा वाजवला.

टेम्पो मात्र हलला नाही. सोनानं खिडकीतून हात बाहेर काढला.

"दोनची नोट दिली ह्यांनी," ती म्हणाली. "रुपया परत द्या की, आप्पा."

लग्न होऊन गेल्यापासून तिनं माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. सणाला नाही, दुखण्यात नाही. मी दिलं ते घेतलं, नाही दिलं तर विचारलं नाही. मी डब्यातून रुपया काढला आणि तिच्या हातावर ठेवला. तिनं तो पदराच्या टोकाला बांधला, गाठ दातांनी घट्ट केली, आणि नवऱ्याला म्हणाली, "चला, आई वाट बघत असंल."